मक्षिकास्थाने मक्षिका : सैनिक माश्यांचे कुल आणि लक्षणांचा विवेक

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानाचे लेखरूप)



पोथ्या हाताने उतरवल्या जात त्या काळातील एका नकलकाराची कथा मराठी घरांत परंपरेने सांगितली जाते. मूळ पोथीच्या पानांत एक माशी चिरडून वाळली होती. नकलकार मोठा प्रामाणिक. काना, मात्रा, वेलांटी काहीही न चुकवता त्याने सारे उतरवले आणि ती जागा आली तेव्हा एक माशी मारून आपल्या प्रतीत नेमकी तिथे चिकटवली. डोळे मिटून केलेल्या अनुकरणाला 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणतात ते यावरून. ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्या वास्तूत ही कथा थोडी बोचते. कारण ग्रंथ टिकले ते अशाच नकलकारांच्या हातून, आणि त्यांत चुकाही शिरल्या त्या त्यांच्याच हातून.

प्रत्येक माशीला तिच्या जागी ठेवणे हेच जिथे जन्मभराचे काम ठरते असेही एक शास्त्र आहे. ते कीटकांच्या वर्गीकरणाचे शास्त्र होय. त्याचा परिचय एका लहानशा कुलाच्या आधाराने करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. ते कुल म्हणजे सैनिक माश्यांचे कुल. शास्त्रीय परिभाषेत स्ट्रॅटिओमायिडी.

आरंभ इंद्रवेल्लीपासून करणे सोयीचे होईल. आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही, आणि गोंडी, कोलामी, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठीही त्या मुलखात बोलली जाते. इंद्रवेल्ली म्हटले की २० एप्रिल १९८१ चा गोळीबार आणि त्या दिवशी प्राण गमावलेल्या आदिवासींचा स्मृतिस्तंभ आठवतो, आणि तो आठवावाच. जवळच केसलापूर येथे पुष्य अमावास्येला नागोबाची यात्रा भरते. भोवती साग, मोह, टेंभुर्णी आणि बांबू यांचे पानझडी रान आहे. या रानाच्या कडेच्या शाळेतील एखादा विद्यार्थी पावसाळ्यात कुजत पडलेल्या फळावर बसलेली एक सडपातळ, पिवळसर माशी पकडून आणतो आणि विचारतो, "गुरुजी, ही कोणती?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी गणाची. बहुतेक पंखधारी कीटकांना चार पंख असतात, माशीला दोन. मागच्या दोन पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखी दोन लहान बोंडे असतात, ती उडताना तोल सांभाळतात. कुंभारीण माशीला आपण माशी म्हणतो, परंतु तिला चार पंख आहेत. शास्त्राच्या दृष्टीने ती गांधीलमाशीची आप्त, घरमाशीची नव्हे. भाषेतले नाव आणि निसर्गातले नाते यांची फारकत इथूनच सुरू होते.

दुसरी पायरी कुलाची. सैनिक माशी ओळखायची ती मुख्यतः पंखांवरील शिरांवरून. पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर टोकापर्यंत न जाता अलीकडेच संपते. तिच्या मागच्या शिरा पुढच्या कडेकडे दाटीवाटीने सरकलेल्या असतात. आणि पंखाच्या मध्यभागी शिरांनी वेढलेले एक लहानसे बहुकोनी कोष्ठ असते. नडगीच्या टोकाशी बहुधा काटे नसतात. पायाच्या टोकाला दोनऐवजी तीन गाद्या असतात. मात्र गुरांना चावणाऱ्या गोमाशीच्या कुलातही त्या तीनच असतात. म्हणजे एकटे लक्षण साक्षीला पुरत नाही. चारपाच लक्षणे एकमुखाने बोलू लागली की मग निर्णय द्यायचा.

सैनिक हे नाव मात्र वेगळ्याच लक्षणावरून पडले. वक्षाच्या मागच्या बाजूस ढालीच्या आकाराची एक छोटी पट्टिका असते. या कुलातील अनेक माश्यांच्या त्या ढालपट्टीवर काटे असतात. जोफ्रवा या फ्रेंच अभ्यासकाने १७६२ मध्ये अशा माश्यांच्या एका वंशाला स्ट्रॅटिओमिस म्हणजे 'सैनिक माशी' हे ग्रीक शब्दांचे नाव दिले. शस्त्रे मात्र केवळ दिखाऊ आहेत. सैनिक माशी चावत नाही आणि तिला नांगीही नसते.

तिसरी पायरी उपकुलांची. जगभर या कुलाच्या २,६०० हून अधिक जाती २००१ च्या जागतिक सूचीत नोंदवलेल्या आहेत, आणि त्यांची वाटणी बारा उपकुलांत केली जाते. (येथे 'जाती' हा शब्द जीवशास्त्रातील अर्थाने घ्यावा, समाजातील जातीशी त्याचा संबंध नाही.) काही उपकुलांच्या खुणा सांगण्यासारख्या आहेत. बेरिडिनी उपकुलात उदराचे सात खंड स्पष्ट दिसतात आणि ढालपट्टीवर बहुधा चार किंवा अधिक काटे असतात. पॅकिगॅस्ट्रिनी माश्या आकाराने लहान, रुंद व आखूड उदराच्या. त्यांच्या पंखाच्या मधल्या कोष्ठातून निघणारी एक शीर नाहीशी झालेली असते, आणि त्यांच्या अळ्या मेलेल्या झाडांच्या सालीखाली राहतात. स्ट्रॅटिओमायिनी उपकुलातील माश्यांच्या ढालपट्टीवर बहुधा दोन काटे असतात, आणि त्यांच्यातील अनेकींच्या अळ्या पाण्यात वाढतात. शेपटीच्या टोकाशी पिसांसारख्या केसांचे कडे असते, ते पाण्याच्या पृष्ठभागावर पसरून अळी खाली डोके करून लोंबकळते व हवा घेते. हर्मेटिइनी माश्यांच्या शृंगिकांचा शेवटचा भाग फितीसारखा लांब व चपटा असतो. सार्जिनी माश्या सडपातळ, अनेकदा हिरव्यानिळ्या धातूसारख्या चमकणाऱ्या, तर काही पिवळ्या. त्यांच्या ढालपट्टीवर काटे नसतात आणि शृंगिकेच्या टोकाला केसासारखा बारीक तंतू असतो.

इंद्रवेल्लीच्या विद्यार्थ्याची माशी या शेवटच्या खुणांशी जुळू लागली, तर चौथी पायरी वंशाची. भिंगाखाली तिच्या शृंगिकेचा दुसरा खंड पाहावा. त्याच्या आतल्या बाजूने अंगठ्यासारखा एक उंचवटा पुढे आलेला असेल, तर ती टेक्टिकस वंशातील माशी होय. या वंशाच्या अळ्या कुजणाऱ्या फळांत आणि काही जातींच्या अळ्या बांबूत वाढतात, हे ध्यानात घेतले म्हणजे फळावरची ती भेट आकस्मिक वाटत नाही.

इथवरचा प्रवास सोपा वाटला असेल. खरी अडचण पाचव्या पायरीवर आहे. टेक्टिकस वंशाच्या आशियाई जाती पुष्कळ, आणि वरवर पाहता सारख्याच: कुणाचे उदर काळसर पट्ट्यांचे, कुणाच्या पंखाचे टोक धुरकट, कुणाच्या मागच्या पायांवर पांढरे भाग. जुन्या लेखकांनी यांपैकी अनेक जाती रंगावरूनच वर्णिल्या. परंतु रंग हा फसवा साक्षीदार आहे. माशी नुकतीच कोषाबाहेर आलेली असली तर तिचा रंग फिका असतो. टाचणीवर वर्षानुवर्षे राहिली तर उडतो. नर आणि मादी यांतही फरक असतो. सैनिक माश्यांच्या अनेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे दूर असतात. एकाच जातीच्या नरमादींना दोन जाती समजून दोन नावे दिल्याचे प्रकार कीटकशास्त्राच्या इतिहासात वारंवार घडले आहेत.

अशा वेळी अभ्यासक एक मधला टप्पा योजतात. त्याला जातिसमूह म्हणतात. वंशाच्या खाली आणि जातीच्या वर असलेली ही एक अनौपचारिक पायरी आहे. ज्या जातींत काही विशेष लक्षणे समान आहेत त्या एकत्र मांडायच्या, आणि पुढील प्रश्न सोडवण्यासाठी लहान लहान गट हाती घ्यायचे. टेक्टिकसच्या आशियाई जातींचे असे समूह ब्रनो येथील रोझकोशनी आणि कॅलिफोर्नियातील हाउझर यांनी २००९ मध्ये मांडले, त्याच लेखात दहा नव्या जाती वर्णिल्या आणि ओळखीची सुधारित सूची दिली. अशा कामात नराच्या उदराच्या टोकाशी असलेल्या प्रजननावयवांच्या आकाराला मोठे महत्त्व असते. कारण रंग बदलला तरी ती रचना सहसा बदलत नाही. ती पाहायला मात्र उदराचे टोक काळजीपूर्वक वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागते. जातिसमूह म्हणजे आपल्या ज्ञानाची मर्यादा मान्य करून केलेली मांडणी. त्यात पुढच्या अभ्यासकाला दुरुस्तीची मुभा ठेवलेली असते.

येथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. ओळखीची सूची वेगळी आणि वंशावळ वेगळी. सूचीचे काम शोधणाऱ्याला लवकर मुक्कामी पोहोचवण्याचे. त्यासाठी जे लक्षण डोळ्यांना झटकन दिसेल ते चांगले. वंशावळीचे काम नाते सांगण्याचे; त्यासाठी जे लक्षण एकाच पूर्वजाकडून वारशाने आले आहे तेच चालते. ढालपट्टीवरील काटे सूचीला उपयोगी. परंतु कुलाच्या इतिहासात काटे वेगवेगळ्या शाखांत आले आणि गेले, म्हणून केवळ काटे मोजून नाते जुळवता येत नाही. क्लिटेलॅरिइनी नावाच्या उपकुलाचे असेच झाले. बाह्य लक्षणांवरून एकत्र केलेला तो गट एका घराण्याचा असावा की नाही, याविषयी जुन्या जाणकारांनाही शंका होती. २००७ मध्ये डीएनएच्या आधारे झालेल्या अभ्यासात त्याचे एकत्व सिद्ध होऊ शकले नाही.

ही गोष्ट केसलापूरच्या यात्रेच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. तिथे मेसराम कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची नागोबापुढे भेट करवली जाते आणि मग त्या कुळाच्या मानल्या जातात. गोंड समाजात कुळांची विभागणी देवांच्या संख्येवरून होते, आणि कोणाचा कोणाशी विवाह व्हावा हे त्यावर ठरते. हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून ही व्यवस्था तपशिलाने नोंदवली. तिथे कुळ चेहऱ्यावरून ठरत नाही. नाते माहीत असणारी वडीलधारी माणसे ते सांगतात. कीटकांच्या कुळाला असे सांगणारे कोणी नाही. तिथे शरीरालाच साक्ष द्यावी लागते, आणि साक्ष तपासण्याचा विवेक अभ्यासकाला आणावा लागतो.

हा विवेक एका दिवसात आलेला नाही. आपल्याकडे प्राचीनांनी सजीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्‌भिज्ज असे जन्मावरून वर्ग केले आणि क्षुद्र कीटक स्वेदजांत, म्हणजे घाम व उष्मा यांतून उपजणाऱ्यांत, घातले. अमरकोशात मक्षिका सिंहादिवर्गात, वनराजाच्या पंगतीत आहे. कारण तिथे हेतू शब्द सापडण्याचा होता. युरोपातही कुजक्या मांसातून किडे आपोआप निपजतात असेच मानत. १६६८ मध्ये इटलीतील रेदी याने झाकलेल्या आणि उघड्या भांड्यांत मांस ठेवून दाखवले की अळ्या माशीच्या अंड्यांतूनच येतात. लिनियसने १७५८ मध्ये द्विनाम पद्धतीने प्राण्यांची नावे बांधली. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने मुखावयव पाहून कीटकांची विभागणी केली. जर्मनीतील माइगेन याने माश्यांच्या बाबतीत पंखांच्या शिरांसह सर्व बाह्य लक्षणांकडे लक्ष दिले. एका लक्षणावर विसंबायचे की अनेकांवर, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

भारतातील सैनिक माश्यांची पहिली मोठी व्यवस्थित मांडणी एका संगीतकाराने केली, हे रसिक श्रोत्यांना विशेष वाटेल. एन्‍रिको ब्रुनेटी (१८६२–१९२७) हा लंडनचा गृहस्थ व्यवसायाने संगीतज्ञ. विसाव्या शतकाच्या आरंभी तो कलकत्त्याला स्थायिक झाला आणि इंडियन म्युझियममधील माश्यांच्या संग्रहावर काम करू लागला. १९०७ पासून त्याचे सैनिक माश्यांवरील लेख प्रसिद्ध होऊ लागले, आणि १९२० मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील त्याचा जो खंड निघाला त्यात या कुलाला मोठे स्थान आहे. प्रत्येक जातीचे वर्णन, सापडल्याची जागा, तारीख, संग्राहकाचे नाव आणि नमुना कोणत्या संग्रहात आहे याची नोंद, अशी त्याची शिस्त. आज त्यातील कित्येक नावे बदलली आहेत. तरी बदल करणाऱ्यालाही प्रथम ब्रुनेटीचे पान उघडावे लागते.

त्या पानापलीकडे जायचे तर मूळ नमुना हवा. नव्या जातीचे वर्णन करताना ज्या नमुन्यावरून नाव दिले जाते तो प्रमाण-नमुना होय. ग्रंथांच्या भाषेत तिची मूळ प्रत. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १ जुलै १९१६ रोजी कलकत्त्यात स्थापन झाली आणि नेल्सन अ‍ॅनन्‌डेल तिचे पहिले संचालक झाले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याच्या भीतीने १९४२ मध्ये संस्थेचे संग्रह बनारसला हलवण्यात आले, आणि १९४३ मध्ये वरुणा नदीला आलेल्या पुरात त्यांचे फार नुकसान झाले. वाळवी, गळके छप्पर आणि पूर यांची धास्ती ज्या ग्रंथपालांनी आयुष्यभर बाळगली त्यांना या एका वाक्याचा अर्थ अधिक सांगायला नको. मूळ प्रत गेली की पाठभेदांचा निवाडा कायमचा अडतो; प्रमाण-नमुना गेला की नावाचा.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शेणखताच्या खड्ड्यात आहे. हर्मेटिया इल्युसेन्स म्हणजे काळी सैनिक माशी. लिनियसने १७५८ मध्येच वर्णिलेली ही माशी मूळची अमेरिका खंडातील. माणसाच्या दळणवळणाबरोबर ती जगभर पसरली आणि आज भारतातही सर्वत्र आढळते. काळीभोर, पांढऱ्या पावलांची; उदराच्या बुडाशी दोन पारदर्शक खिडक्या, त्यामुळे कंबर बारीक दिसते आणि कुंभारीण माशीचा भास होतो. मादी कुजणाऱ्या पदार्थांजवळच्या फटींत शेकडो अंडी घालते. तिच्या अळ्या भाजीपाल्याचा कचरा, खरकटे, शेण झपाट्याने खातात. वाळवलेल्या अळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, म्हणून कोंबड्या आणि मासे यांच्या खाद्यासाठी आज त्यांची मुद्दाम पैदास केली जाते. त्यांनी कचरा व्यापला की तिथे घरमाशीची वाढ कमी होते.

खतात या अळ्या दिसताच पुष्कळजण घाबरून औषध फवारतात. घरमाशीची अळी पांढरी, मऊ, पुढे निमुळती, डोके न दिसणारी. सैनिक माशीची अळी चपटी, तपकिरी, रुंद खंडांची, लहान पण स्पष्ट डोक्याची. तिच्या त्वचेत चुन्याचे कण साठलेले असतात, त्यामुळे ती चामड्यासारखी चिवट लागते. आणि अळीची शेवटची कातच तिच्या कोषाचे घर होते. एवढी ओळख असली तर हातातला फवारा खाली ठेवता येतो.

मात्र "सैनिक माशी म्हणजे शेतकऱ्याची मैत्रीण" असा सरधोपट निष्कर्षही काढू नये. याच कुलातील कायरोमायझिनी उपकुलाची इनोपस रुब्रिसेप्स ही जाती ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये उसाच्या मुळांतील रस शोषून पिकाची हानी करते. कुल एक, ढालपट्टीचे घराणे एक; एक शाखा कचरा खाते, दुसरी ऊस सुकवते. म्हणूनच कुलावर न थांबता उपकुल, वंश, जातिसमूह आणि जातीपर्यंत उतरावे लागते. नाव चुकले की नावाबरोबर दिलेला सल्लाही चुकतो, आणि तो एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहतो. तिथे नकलकाराची माशी पुन्हा पानावर चिकटते.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे सारे परके वाटू नये. ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण मांडले. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण सिद्ध करून दाखवले की एका ग्रंथाचे स्थान अनेक पैलूंच्या संयोगाने ठरते. बांधणीच्या रंगावरून पुस्तके लावली तर कपाट सुरेख दिसेल, परंतु ज्ञानेश्वरीशेजारी पाकशास्त्र येईल. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक असूनही नसल्यासारखे. कीटकसंग्रहातील चुकीच्या चिठ्ठीची माशीही तशीच.

आता पुन्हा इंद्रवेल्लीच्या त्या विद्यार्थ्याकडे. त्याच्या गुरुजींना शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचता आले नाही, तरी निराश होण्याचे कारण नाही. माशी टाचणीवर नीट लावावी. तिच्याखाली चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, कशावर बसली होती आणि पकडणाऱ्याचे नाव लिहावे. आणि ती एखाद्या विद्यापीठाच्या किंवा प्राणिसर्वेक्षणाच्या संग्रहाकडे पाठवावी. चिठ्ठी नसलेली माशी म्हणजे पहिले आणि शेवटचे पान फाटलेली पोथी. उलट चिठ्ठीवर 'इंद्रवेल्ली, कुजलेल्या फळावर' एवढे जरी असले, तरी पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक तिचा जातिसमूह ठरवील, आणि त्या रानात एकेकाळी ही माशी होती याचा पुरावा शिल्लक राहील. रान राहिले नाही तरी राहील.

ज्या पिढ्यांनी हे ग्रंथालय शंभर वर्षे जपले त्यांनी याहून वेगळे काय केले? प्रत्येक ग्रंथाला क्रमांक दिला, दाखल तारीख लिहिली, देणाऱ्याचे नाव नोंदवले आणि तो आपल्या जागी ठेवला. कधीतरी कोणीतरी मागायला येईल या विश्वासाने. नकलकाराने माशी चिकटवली ती न पाहता. ब्रुनेटीने आणि या ग्रंथालयाच्या अनाम सेवकांनी प्रत्येक वस्तू पाहून, तपासून, तिच्या जागी ठेवली. त्या पाहण्याला शतकपूर्तीच्या निमित्ताने वंदन करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.